दिवसभर हात मातीत, आणि संध्याकाळी फळी रिकामी? मातीकाम : वाचकांचे प्रश्न

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मातीकामाबद्दल काय विचारायचंय ते पाठवा म्हटलं होतं आणि तुम्ही अगदी भरभरून पाठवलंत, फोटोंसकट. सगळे प्रश्न एका अंकात मावणार नाहीत, म्हणून यावेळी स्टुडिओतला दिवस, वाळवण, भट्टी आणि ग्लेझ (भांड्यावर भाजून चढवतात तो काचेसारखा थर) एवढंच घेतलंय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, मी नोकरी करते आणि फक्त रविवारी एका शेअर्ड स्टुडिओत जाते. सकाळी दहाला पोचते, सहाला निघते. एवढा वेळ हाताशी असून संध्याकाळी बघावं तर चार वाट्या, त्यातल्या दोन वाकड्या. शेजारचे लोक फळ्याच्या फळ्या भरतात. माझा दिवस जातो कुठे? (ठाणे)

तुमचा दिवस बहुतेक सगळा चाकावर जातोय, आणि गडबड तिथेच आहे. नवीन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की मातीकाम म्हणजे चाक, बाकीचं सगळं मधलं आवरणं-बिवरणं. पण हात बसलेल्या माणसाला एक मग चाकावर ओढायला पाच-सात मिनिटं पुरतात, आणि तोच मग चहा प्यायच्या लायकीचा होईपर्यंत माती मळणं, गोळे तोलणं, ओढणं, झाकून ठेवणं, उलटा करून तळ कोरणं, कान लावणं, ओल्या स्पंजने पुसणं, वाळवणं, पहिली भाजणी, ग्लेझ, तळाचं ग्लेझ पुसणं, दुसरी भाजणी, एवढं सगळं व्हावं लागतं. आणि यातली प्रत्येक गोष्ट माती ठराविक ओली असतानाच होते. तळ कोरायची वेळ टळली की माती खडखडीत होते आणि टूल नुसतं खरवडत बसतं, लवकर कोरायला गेलात तर भांडं हातातच बसतं. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की स्टुडिओतला दिवस आपल्या उत्साहाप्रमाणे लावायचा नाही, मातीच्या ओलीप्रमाणे लावायचा.

आता प्रत्यक्षात कसं ते सांगते. पोचल्या पोचल्या, चाकाकडे बघायच्या आधी, गेल्या वेळच्या भांड्यांवरचं प्लॅस्टिक उचला. काठाला बोट लावा, मग तळाला लावा. काठ नेहमी आधी सुकतो. काठ फिका दिसतोय आणि तळ अजून गडद, म्हणजे भांडं उलटं करून ठेवायची वेळ झाली. तळावर नख दाबल्यावर खूण उमटते पण बोट रुतत नाही, म्हणजे लेदर हार्ड झालंय, आज कोरायचं. ज्यांना कान लावायचेत ती भांडी याच्यापेक्षा थोडी ओली हवीत, ती बाजूला काढून परत झाका. हे वर्गीकरण करायला दहा मिनिटं लागतात आणि अख्ख्या दिवसाचा हिशोब तिथे लागतो.

मग लगेच कानांच्या पट्ट्या ओढून फळीच्या कडेला लटकवून ठेवा, कारण त्यांना जरा घट्ट व्हायला तासभर तरी लागतो. त्यानंतर दिवसभराची सगळी माती एकदाच मळून घ्या. कणीक मळतो तसं दुमडून दुमडून मळलं तर आत हवा कोंडते, इथे उलट हवा काढायची असते, त्यामुळे तळहाताने पुढे दाबत, थोडं फिरवत, माती स्वतःवर दुमडली जाणार नाही असं मळायचं. मग वजन. मगला ३५० ते ४०० ग्रॅम, जेवणातल्या बोलला ५०० ते ६०० ग्रॅम. सगळे गोळे एका वजनाचे, ओल्या फडक्याखाली, चाकाशेजारी हाताला येतील असे. दर वेळी उठून माती आणायची, परत मळायची, परत पाणी बदलायचं यात किती वेळ जातो ते एकदा घड्याळ लावून बघाच.

आणि एका दिवशी एकच आकार. आधी वाटी, नंतर फुलदाणी, नंतर चहाचा मग, नंतर काहीतरी बाटलीसारखं, असं केलं की हाताला काही शिकायलाच मिळत नाही. दहा मग सलग ओढा, पहिले तीन आणि शेवटचे तीन शेजारी ठेवले की फरक तुमचा तुम्हाला दिसेल. आणि पहिले काही महिने तरी दर वेळी दोन-तीन भांडी तारेने वरून खालपर्यंत उभी कापून बघत जा. जीव तुटतो मान्य आहे, पण भिंत खाली किती जाड राहिलीय, तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे किती माती फुकट अडकलीय हे कापल्याशिवाय कळत नाही. कापलेलं भांडं परत मातीत जातं, वाया काहीच जात नाही. माझ्या मते तीन भांडी कापलेला दिवस चार वाट्या जपून घरी नेलेल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त कामाचा.

नवीन ओढायचं ते जेवायच्या आधी. जेवणानंतर जुनी भांडी कोरायची, कान लावायचे, कारण तोवर हात थोडे दमलेले असतात आणि सेंटरिंगला, म्हणजे गोळा चाकाच्या बरोबर मधोमध बसवायला, लागणारा जोर राहत नाही. शेवटचा पाऊण तास आवरायला ठेवाच. ग्लेझचं काम मात्र या दिवसात घुसडू नका, त्याला वेगळा रविवार द्या, नाहीतर मातीची धूळ भाजलेल्या भांड्यावर बसते आणि तिथे ग्लेझ धरत नाही.

राहिला प्रश्न आठवड्याचा, म्हणजे आज ओढलेलं पुढच्या रविवारपर्यंत लेदर हार्ड कसं राहणार. यासाठी डॅम्प बॉक्स करा. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्यायचा, तळाशी इंच-दीड इंच प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून घट्ट होऊ द्यायचं, मग त्यात पिईल तेवढं पाणी घालायचं, वर साचलेलं ओतून टाकायचं. या डब्यात ठेवलेली भांडी दोन-दोन आठवडे जशीच्या तशी राहतात, कान लावायलासुद्धा. पण प्लास्टरचा कण मातीत जाऊ देऊ नका, भाजल्यावर तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि भांड्याचा टवका उडतो.

सवड काढून एकदा धारावीच्या कुंभारवाड्यात चक्कर मारा. तिथली बरीचशी घरं मूळची सौराष्ट्रातली, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. एका मोठ्या गोळ्यातून वरच्या वर पणती काढायची, दोऱ्याने कापायची, परत पुढची, हे बघायला लोक जातात, पण तुम्ही चाकाच्या पलीकडे बघा. कोण माती तयार करतंय, कोण उन्हातली भांडी सावलीत ओढतंय, कोण भट्टी रचतंय. घरातली सगळी माणसं मिळून मातीची वेळ सांभाळतात. आपल्याला रविवारी ते सगळं एकट्याने करायचं असतं, म्हणून क्रम लागतो.

प्रश्न : मगचा कान वाळताना सुटतो. कधी वाळताना ठीक असतो पण भाजून आल्यावर जोडावर केसासारखी चीर दिसते. स्लिप तर मी भरपूर लावतो. (नाशिक)

दादा, भरपूर स्लिप हेच निम्मं कारण आहे. स्लिप म्हणजे पाणी जास्त असलेली माती, आणि ज्या मातीत पाणी जास्त ती वाळताना जास्त आकसते. मग आणि कान यांच्या मधे तुम्ही सगळ्यात जास्त आकसणारा थर भरताय. दोन्हीकडे सुईने आडव्याउभ्या रेघा मारा, नुसत्या ओरखड्यासारख्या नकोत, चांगल्या खोल, मग दाट स्लिपचा एकच हात, आणि कान दाबताना थोडा डावी-उजवीकडे हलवा म्हणजे रेघा एकमेकींत अडकतात आणि जास्तीची स्लिप बाजूने बाहेर येते. ती ओल्या ब्रशने पुसून टाका. जोडाच्या खालच्या खाचेत मातीची बारीक वळी घालून बोटाने गुळगुळीत करा, चीर बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. स्लिपमध्ये पाण्याऐवजी थोडं व्हिनेगर घालणारे लोक आहेत, घालायला हरकत नाही, पण मूळ कारण त्याने जात नाही.

दुसरं निम्मं कारण म्हणजे कान आणि मग यांची ओल सारखी नसते. मग सकाळपासून उघडा आणि कान आत्ता ओढलेला, म्हणजे कान अजून आकसणार आणि मगचं आकसणं संपत आलेलं, म्हणजे ताण जोडावरच येणार ना. दोन्ही सारखे हवेत. कान लावून झाल्यावर अख्खा मग रात्रभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, म्हणजे आतल्या आत ओल वाटली जाते. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक थोडं सैल करा, पण कानाभोवती पातळ पिशवीची पट्टी ठेवा, कारण कानाला चारी बाजूंनी हवा लागते आणि तो मगच्या आधी वाळून मोकळा होतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत अजून एक दिसतंय, कानात बोटं जेमतेम मावतायत. ओला असताना बरोबर वाटला असणार. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची, माती ओल्यापासून दुसऱ्या भाजणीपर्यंत साधारण १२ टक्के आकसते, म्हणजे १० सेंटीमीटरचा मग ८.८ चा होतो. उंचीत एवढंच वाटतं, पण लांबी-रुंदी-उंची तिन्ही कमी होतात, त्यामुळे ओला असताना ३५० मिली मावणाऱ्या मगात शेवटी जेमतेम २४० मिली मावतं. तुमच्या मातीचा आकडा तुम्हीच काढा. ओल्या मातीची पट्टी करून त्यावर १० सेंटीमीटरची रेघ ओढा, दोन्ही भाजण्या होऊन आली की मोजा. स्टुडिओतल्या प्रत्येक मातीची अशी पट्टी भिंतीवर लटकवलेली असावी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : पावसाळ्यात भांडी वाळता वाळत नाहीत. पंधरा दिवस ठेवून भट्टीत घातली तरी तीन फुटली, आणि शेजारच्या चांगल्या भांड्यांवर तुकडे उडाले. हवेचे बुडबुडे राहिले असतील का? (चिपळूण)
आणि याच्या अगदी उलट : मे महिन्यात ओढलेलं भांडं जेवून येईपर्यंत तडकतं. (नागपूर)

आधी चिपळूण. बुडबुड्यांना उगाच दोष दिला जातो. भट्टीत भांडं फुटतं ते पाण्यामुळे. मातीत राहिलेलं पाणी १०० अंशाला वाफ होतं, वाफेला पाण्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, जाड भिंतीतून ती पटकन बाहेर पडू शकत नाही आणि मग भांडं फोडून बाहेर येते. कोकणात जुलैमध्ये हवाच इतकी ओली असते की भांडं पंधरा काय महिनाभर ठेवलं तरी हवेत आहे तेवढी ओल त्यात राहणारच. हाताला कोरडं लागतं, पण गालाला लावून बघा, गार लागलं म्हणजे आत पाणी आहे.

उपाय भट्टीतच करायचा. भांडी रचली की तापमान ८०-९० अंशांवर नेऊन तिथेच सात-आठ तास, जाड काम असेल तर रात्रभर ठेवायचं, झाकण बोटभर उघडं किंवा वरचं भोक उघडं. पाणी निघून गेलं का हे बघायला त्या भोकासमोर स्टीलची थंड ताटली धरायची. ताटलीवर धुकं आलं तर अजून थांबा, कोरडी राहिली तर पुढे जा. पुढेही ६०० अंशांपर्यंत तासाला १०० पेक्षा जास्त वेग नको, कारण मातीच्या घडणीतलं पाणी त्याच टप्प्यात निघतं आणि शिवाय ५७३ अंशांना क्वार्ट्झ एकदम फुगतं. थंड होताना तेच उलट होतं, म्हणून भट्टी घाईने उघडायची नाही. मी १०० च्या खाली आल्याशिवाय झाकणाला हात लावू देत नाही कोणाला, किती का उत्सुकता असेना.

आणि पोकळ शिल्पं, बंद आकार यांना आतली वाफ निघायला एक बारीक भोक ठेवा, कुठेतरी खाली, दिसणार नाही असं.

नागपूरकरांसाठी थोडक्यात. उन्हाळ्यात चाक खिडकीपासून आणि पंख्यापासून लांब घ्या. भांडं चाकावरून काढलं की लगेच काठावर पातळ प्लॅस्टिक टाका, तळ उघडा राहिला तरी चालेल. कूलर लावणार असाल तर त्याचा झोत भांड्यांवर एका बाजूने येणार नाही असं बघा, एका बाजूने वाळलेलं भांडं वाकतंच. तळाला इंग्रजी एससारखी चीर पडत असेल तर ती ओढतानाची चूक आहे, तळ नीट दाबला गेलेला नाही किंवा आत पाणी साचू दिलंय. लाकडी रिबने, म्हणजे हातात धरायच्या चपट्या पट्टीने, तळ मधून बाहेर आणि बाहेरून मधे असा दोनदा-तीनदा दाबून घ्या आणि चाकावरून काढायच्या आधी आतलं पाणी स्पंजने टिपा.

प्रश्न : गणपतीची शाडू माती पाच किलो उरलीय. तिचीच भांडी करून भट्टीत भाजली तर चालेल का? मुलं मागे लागलीत. (कोल्हापूर)

मुलांना करू द्या, नक्की करू द्या, पण थेट दुसऱ्याच्या भट्टीत पाठवू नका. शाडू ही न भाजता वाळवून ठेवायच्या कामासाठी घेतलेली माती आहे. ती बारीक असते, आकार छान धरते, पण किती तापमान सोसेल ते पाकिटावर लिहिलेलं नसतं आणि विकणाऱ्याने त्यात काय मिसळलंय तेही कळत नाही. चुन्याचे खडे असतील तर भाजल्यावर काही दिवसांनी भांड्याचे टवके उडतात. आधी बिस्किटाएवढी एक पट्टी करा, पूर्ण वाळवा आणि ९०० अंशाच्या भाजणीत एका जुन्या वाटीत ठेवून द्या, वितळली बितळली तर भट्टीची फळी खराब व्हायला नको. पट्टी शाबूत आली आणि महिनाभर तशीच राहिली तर पणत्या, छोटी बोळकी करायला हरकत नाही. खायच्या-प्यायच्या भांड्यांसाठी मात्र ती नको.

त्यापेक्षा एक सुचवू का? गावातल्या कुंभाराकडे जा, संक्रांतीची सुगडं जिथून घेता तिथेच, आणि त्यांच्याकडून तयार माती विकत घ्या. गावाजवळचीच माती, त्यांच्या हाताला माहीत असलेली, त्यांच्या भट्टीत भाजली जाणारी. मुलांना माती कुठून येते तेही कळेल आणि तुम्ही केलेलं त्यांच्या पुढच्या भट्टीत घालतील का तेही विचारता येईल, पैसे अर्थातच द्यायचे. हा माल साधारण ७०० ते ९०० अंशांना भाजतो, त्यामुळे पाणी झिरपतं, आणि म्हणूनच माठात पाणी गार होतं. वरण ठेवायला तो नाही, पण दह्याला झकास.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर बघून कॉपर रेड ग्लेझ केलं. तंतोतंत रेसिपी. माझ्या इलेक्ट्रिक भट्टीत हिरवं आलं. तांबंच घातलंय ना मी, मग लाल का नाही? (पुणे)

रेसिपी बरोबर आहे, भट्टी वेगळी आहे. तांबं ऑक्सिजन भरपूर असलेल्या भट्टीत हिरवं येतं आणि ऑक्सिजन कमी पडलेल्या भट्टीत लाल येतं. गॅसच्या किंवा लाकडाच्या भट्टीत हवा अडवली की ज्वाळेला ऑक्सिजन कमी पडतो आणि ती तो ग्लेझमधून ओढून घेते, याला रिडक्शन म्हणतात. इलेक्ट्रिक भट्टीत ज्वाळच नाही, त्यामुळे ती कायम ऑक्सिडेशनमध्ये, म्हणजे भरपूर ऑक्सिजनमध्ये, चालते, आणि तिच्यात जबरदस्तीने रिडक्शन करायला गेलात तर कॉइल खराब होतात. लोखंडाचंही असंच. एक-दोन टक्के लोखंड रिडक्शनमध्ये सेलाडॉन नावाचं हिरवट-निळसर ग्लेझ देतं, तेच तुमच्या भट्टीत फिकट मधासारखं येईल. म्हणून कुठलीही रेसिपी उचलताना तीन गोष्टी आधी बघायच्या, कुठलं तापमान, कुठली हवा, कुठली माती. फोटो सगळ्यात शेवटी.

तुमच्या भट्टीत जे सुंदर येतं त्याच्या मागे लागा ना. ऑक्सिडेशनमध्ये तांब्याचे हिरवे, कोबाल्टचे निळे, लोखंडाचे मध आणि तपकिरी इतके छान येतात की त्यातच वर्षं जातील. सुरुवात स्वच्छ पारदर्शक ग्लेझने करा. इंग्लंडचे नामवंत कुंभार बर्नार्ड लीच यांच्या नावाने ओळखलं जाणारं ४-३-२-१ तुम्ही ऐकलं असेल, चाळीस भाग फेल्डस्पार, तीस क्वार्ट्झ, वीस व्हाइटिंग (खडूची पूड), दहा चायना क्ले, पण ते कोन १० चं आहे, म्हणजे १२८० ते १३०० अंश. तुमची भट्टी १२२०-१२४० पर्यंतच नेत असाल तर ते नीट वितळणारच नाही, त्या तापमानाचंच घ्या.

आणि ग्लेझ घोटल्यावर मोजा. ग्लेझ ८० मेशच्या चाळणीतून गाळा, मग १०० मिली मापून वजन करा. १४५ ग्रॅमच्या आसपास आलं तर बुडवायला साधारण ठीक, तीन सेकंद बुडवून काढायचं. १६० आलं तर जाड बसेल, वाळताना तडकेल किंवा भट्टीत ओघळून फळीला चिकटेल. हा आकडा वहीत रेसिपीशेजारी लिहून ठेवा. तळापासून चार-पाच मिलिमीटर जागा कोरी सोडा. प्रत्येक नवीन ग्लेझ आधी उभ्या टेस्ट टाईलवर, टाईलला थोडं कोरीवकाम असू द्या म्हणजे कडांवर ग्लेझ कसं पातळ होतं ते दिसतं, आणि पाठीमागे नंबर घाला. रिकाम्या जागा राहिल्यात म्हणून टाईली शेवटच्या क्षणी भट्टीत कोंबायच्या नाहीत, प्रत्येक भाजणीत त्यांची जागा राखीव ठेवायची.

खायच्या भांड्याच्या आतल्या बाजूला साधं, स्थिर, पूर्ण वितळलेलं ग्लेझच लावा. तांबं भरपूर असलेलं ग्लेझ आत नको, आंबट पदार्थात ते उतरू शकतं. लिंबाची फोड रात्रभर ठेवून सकाळी रंग बदलला का बघणं हा घरगुती इशारा आहे, रंग बदलला तर ते भांडं फुलांना. पण बदलला नाही म्हणजे सगळं सुरक्षित असं समजू नका, विकणार असाल तर शिसं आणि कॅडमियमची चाचणी लॅबमधूनच करून घ्या. शिसं असलेलं ग्लेझ तर स्टुडिओत आणूच नका. या बाबतीत मी कुणालाच सूट देत नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत कम्युनिटी स्टुडिओत शिकतेय, इथे सगळी उदाहरणं जपान आणि इंग्लंडची. डिसेंबरमध्ये महिनाभर घरी येतेय. आपल्याकडचं काय बघू? (न्यू जर्सी)

या ना, महिना पुरणार नाही एवढं आहे. मुंबईत उतरल्यावर पहिल्यांदा भायखळ्याला राणीच्या बागेशेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय गाठा. १८७० च्या दशकात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी भांड्यांची कार्यशाळा सुरू केली होती, वंडरलँड आर्ट पॉटरी त्यातूनच आली, आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून, सिंधच्या नक्षीवरून घेतलेली ती ग्लेझची भांडी तिथे बघायला मिळतात. आपल्याला वाटतं स्टुडिओ पॉटरी काल-परवा आली. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत हे चाललेलं होतं, आणि आपल्याच शहरातल्या किती जणांना ते ठाऊक आहे? मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून जो विचारेल त्याला मी आधी तिकडे पाठवते.

त्याच दिवशी धारावीचा कुंभारवाडा. पुण्याला येणार असाल तर कसब्यातला कुंभारवाडा. गोव्याला जाणार असाल तर डिचोलीच्या कुंभारांकडे जा, आणि बेळगावकडून गेलात तर वाटेत खानापूर, तिथे मातीकामाची जुनी परंपरा आहे आणि खादी ग्रामोद्योगचं कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्रही आहे. दक्षिणेत पुदुच्चेरीचं गोल्डन ब्रिज पॉटरी, रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेलं, आज भारतात स्टोनवेअर करणारे कितीतरी कलाकार तिथून शिकून बाहेर पडलेत. उत्तरेला हिमाचलमधलं अंद्रेट्टा, तिथे सरदार गुरचरण सिंग यांचा वारसा आहे, जपानला जाऊन शिकून आलेले आणि दिल्लीत १९५२ मध्ये दिल्ली ब्लू पॉटरी सुरू करणारे ते हेच. पण डिसेंबरात तिकडे कडाक्याची थंडी असते, ते पुढच्या खेपेला ठेवा. जाण्याआधी विचारून जा, ही कामाची ठिकाणं आहेत, आणि भट्टी चालू असलेल्या दिवशी कुणाला बोलायला वेळ नसतो.

प्रश्न : फ्लॅटच्या बाल्कनीत छोटी इलेक्ट्रिक भट्टी घ्यायचा विचार आहे. वीजबिल किती येईल? घरात चार वर्षांची मुलगी आहे. (डोंबिवली)

हिशोब सोपा आहे. भट्टीचे किलोवॅट गुणिले पूर्ण जोरात चाललेले तास. ६ किलोवॅटची भट्टी आठ तास पूर्ण चालली तर ४८ युनिट, तुमच्या बिलावरचा दर लावून बघा. प्रत्यक्षात ती मधूनमधून बंद-चालू होते, त्यामुळे थोडे कमीच लागतात. पण घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून मंजूर लोड, वायरची जाडी आणि वेगळा एमसीबी बघून घ्या, एसीच्या पॉईंटवर भट्टी लावायची नाही. सोसायटीची परवानगीही आधीच. भिंतीपासून दीड-दोन फूट मोकळी जागा, वर कपडे वाळत घालायची दोरी नाही, पाऊस आत येत नाही ना, एवढं जमत असेल तर पुढे बोलू. बाल्कनीत मला स्वतःला ते जमेलसं वाटत नाही. सुरुवातीचं वर्षभर कुणाच्या तरी भट्टीत जागेचे पैसे देऊन भाजून घ्या, तेवढ्यात आपल्याला केवढी भट्टी लागते तेही कळेल.

मुलीसाठी मला भट्टीपेक्षा धुळीची जास्त काळजी वाटते. वाळलेल्या मातीत बारीक सिलिका असते, ती वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. त्यामुळे घरात मातीकाम करायचं तर झाडू बंद, फक्त ओलं फडकं आणि ओला मॉप. वाळलेलं भांडं कोरड्या सॅंडपेपरने घासायचं नाही, ओल्या स्पंजने पुसायचं. ग्लेझची पावडर तोलताना एन-९५ मास्क, आणि त्या वेळी मुलगी दुसऱ्या खोलीत, दार लावून. कामाचे कपडे बाल्कनीतच बदला, घरच्या कपड्यांत धुऊ नका. ओल्या मातीशी मात्र तिला खुशाल खेळू द्या, त्यात काही भीती नाही, फक्त खेळून झाल्यावर हात आणि फरशी ती माती वाळायच्या आत धुवायची.

पुढच्या अंकात स्लॅबच्या, म्हणजे माती लाटून केलेल्या, ताटल्या वाकतात त्यावर आलेले प्रश्न घेणार आहे. फोटो पाठवताना माती कुठली, किती अंशांना भाजली, भट्टी इलेक्ट्रिक की गॅसची आणि ती ताटली भट्टीत कुठल्या फळीवर होती एवढं लिहाच, नुसत्या फोटोवरून सांगणं अवघड जातं.